हळद : मळ्यापासून मंडळापर्यंत



या व्याख्यानमालेचे निमंत्रण देण्यासाठी संयोजक माझ्या घरी आले, तेव्हा विषयाची निवड त्यांनी माझ्यावर सोपविली होती. मराठीचा निवृत्त प्राध्यापक म्हटल्यावर तो संतवाङ्मयावर, नाहीतर नवकाव्यावर बोलेल अशी त्यांची समजूत असावी. मी "हळदीवर बोलेन" असे म्हणालो तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांपैकी एकाने अतिशय अदबीने विचारले, "म्हणजे सर, हळदीकुंकवावर का?" त्यांना मी सांगितले ते आपल्यालाही सांगतो. हळदीकुंकवावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ती हळद कोण पिकवतो, ती कोण विकत घेतो आणि त्या दोघांच्या मध्ये शासन नेमके कुठे उभे असते, यावर मराठीच्या अध्यापकांनी फारसे लिहिलेले नाही.

हा विषय मी हौसेने ओढून आणलेला नाही. माझा पीएच.डी.चा प्रबंध मराठवाडी बोलीतील शेतीच्या शब्दांवर होता. त्या निमित्ताने नांदेड, परभणी आणि इकडे बोधन-निजामाबादच्या पट्ट्यात मी पुष्कळ पायपीट केली. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचा दंडक आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. शब्दाचा अर्थ सांगण्याआधी ते वस्तू दाखवायला सांगत. "काहिल म्हणजे काय?" या प्रश्नाला "एक मोठे भांडे" हे उत्तर त्यांना चालत नसे. भांडे केवढे, कशाचे, त्यात काय शिजते, सरपण कोण लावतो, हे सांगावे लागे. आजचे माझे बोलणे त्याच रीतीचे आहे. फक्त येथे शब्द 'काहिल' नसून 'मंडळ' हा आहे.

'मसाला' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला. मुळात त्याचा अर्थ कामास लागणारी सामग्री असा काहीसा आहे. मसाल्यातील प्रत्येक जिन्नसाची जन्मकथा वेगळी. मिरची ही आज आपल्याला घरची लेक वाटते; पण ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आली आणि आपण तिला आपल्या जुन्या मिरीवरून नाव ठेवले. हळदीचे तसे नाही. संस्कृतातील हरिद्रा प्राकृतातून उतरत उतरत हळद झाली. तेलुगूत तिला 'पसुपु' म्हणतात, कानडीत 'अरिशिन'. नावे निराळी, पण लग्नाच्या आदल्या दिवशी तिघांच्याही घरी तीच वाटली जाते. जेजुरीच्या खंडोबाला ती भंडारा म्हणून उधळली जाते आणि तेलंगणात सुवासिनीच्या ओटीत ती कुंकवाबरोबर पडते. इतकी घरोघरची वस्तू असल्यामुळेच की काय, ती एक नगदी पीक आहे, तिला भाव असतो आणि तो भाव कोसळतो तेव्हा माणसे उद्ध्वस्त होतात, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

आता शासनाकडे वळू. स्वातंत्र्यानंतर मसाला पिकांसाठी सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६० मध्ये मसाला निर्यात संवर्धन परिषद आली. १९६५ च्या कायद्याने वेलदोड्यासाठी स्वतंत्र मंडळ झाले. पुढे या दोन संस्था एकत्र करून १९८६ चा मसाला मंडळ अधिनियम झाला आणि २६ फेब्रुवारी १९८७ पासून कोची येथे मसाला मंडळ काम करू लागले. त्याच्या अनुसूचीत ५२ मसाले आहेत. त्यांत हळद आहे, मिरची आहे, धने-जिरे आहेत. मात्र हे मंडळ वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि लागवडीपासूनची सगळी जबाबदारी त्याच्याकडे आहे ती प्रामुख्याने वेलदोड्याची. इतर मसाल्यांच्या बाबतीत त्याचे काम काढणीनंतर सुरू होते आणि त्याचे तोंड बंदराकडे असते. हळदीची लागवड पाहायची ती राज्याच्या फलोद्यान खात्याने; तिच्या विकासाच्या केंद्रीय योजना राबवायच्या त्या कृषी मंत्रालयाच्या सुपारी व मसाला विकास संचालनालयाने, आणि ते आहे कोझिकोडला; संशोधन करायचे ते कोझिकोडच्याच मसाला संशोधन संस्थेने आणि राज्यांच्या कृषी विद्यापीठांनी. सांगलीजवळ कसबे डिग्रजला हळदीचे संशोधन केंद्र आहे, निजामाबाद जिल्ह्यात कम्मरपल्लीला आहे. तेथे उत्तम काम झाले आहे, नवी वाणे निघाली आहेत. पण आरमूरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहा. बेण्यासाठी एक दार, अनुदानासाठी दुसरे, परदेशी माल पाठवायचा तर तिसरे; आणि भाव पडला तर कोणतेच दार नाही. किमान आधारभूत किंमत ज्या बावीस पिकांना जाहीर होते, त्यांत एकही मसाला नाही.

ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो.

हळद हे नऊ महिन्यांचे पीक. अक्षय्यतृतीयेपासून मृगापर्यंत लागवड आणि संक्रांत ते होळी काढणी. एकरी सुमारे दहा क्विंटल बेणे लागते. म्हणजे पीक हाती येण्याआधीच मोठी रक्कम मातीत पुरावी लागते. आणि पीक निघाले म्हणजे संपले असेही नाही. माझ्या लहानपणी वसमतजवळच्या आमच्या मळ्यात विहिरीकाठी दोन-चार गुंठे हळद असे. पाला कापायचा, कंद खणून काढायचे, माती झाडायची. मग जेठे गड्डे वेगळे, बगल गड्डे वेगळे, हळकुंडे वेगळी. हे मोडण्या-निवडण्याचे काम बहुतेक बायकांचे. त्यांची बोटे महिनाभर पिवळी राहत, आणि त्या पिवळेपणाला कोणी मंगल म्हणत नसे. मग काहिलीत हळद शिजवायची. वर पाला, त्यावर गोणपाट. फेस आला आणि तो विशिष्ट वास सुटला की वडील काडी टोचून पाहत. ती सहज आत गेली की खाली उतरवायचे. जरा कमी शिजली तर आत पिठूळ राहते, जास्त शिजली तर रंग उतरतो. पुढे दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची आणि मग पिंपात घालून घासायची, तेव्हा कुठे हळकुंड बाजारात नेण्याजोगे होते. पाच गोणी ओल्या हळदीची एक गोणी सुकी हळद. काहिली जाऊन आता वाफेचे कुकर आले आहेत, पिंपाच्या जागी वीजेवर फिरणारे पॉलिशचे ड्रम आहेत. क्रम तोच आहे.

(जाता जाता एक गंमत सांगतो. असे शिजवून, वाळवून, घासलेले हळकुंड हे 'शेतमाल' आहे की नाही, असा प्रश्न महाराष्ट्रात वस्तू व सेवा कराच्या प्राधिकरणापुढे आला होता. २०२१ अखेरीस निर्णय झाला की नाही, ते शेतमाल नव्हे. मग अपिलात तो निर्णय फिरला आणि ते शेतमाल ठरले. आम्ही भाषेचे लोक शब्दांच्या व्याख्यांवरून भांडतो तेव्हा लोक हसतात. येथे एका व्याख्येवर अडत्याची दलाली करपात्र ठरत होती.)

इतका खटाटोप करून आणलेल्या मालाला भाव काय मिळतो? २०१० मध्ये क्विंटलला पंधरा हजारांच्या वर गेलेली हळद २०१२ च्या सुरुवातीस चार हजारांच्या आसपास उतरली होती. चांगल्या भावाच्या वर्षी सगळेच लावतात, दोन वर्षांनी सगळ्यांचीच हळद एकदम बाजारात येते. हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातील आहे आणि शेतकऱ्याला ते ठाऊक नसते असे मानू नये. त्याच्या हातात थांबण्याची ताकद नसते, एवढेच. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल पेवे खणून हळद साठविण्याची जुनी रीत होती. पेवात वर्षानुवर्षे हळद टिके, कीड लागत नसे. परंतु त्या पेवांत थांबे ती हळद मुख्यतः व्यापाऱ्याची. २००५ च्या महापुराने त्या पेवांचे फार नुकसान केले.

सांगलीचे नाव निघाले म्हणून सांगतो. आपल्या तेलंगणातील आरमूर, बालकोंड्याचे तेलुगू शेतकरी ट्रक भरून आपली हळद सांगलीला नेत आले आहेत. घराजवळचे निजामाबादचे मोठे यार्ड सोडून, पाचशे किलोमीटरांपलीकडच्या परक्या भाषेच्या बाजारात. कारण विचारले तर ते एका वाक्यात सांगतात: तेथे घेणारे जास्त. उलट नांदेडकडचे आपले मराठी शेतकरी निजामाबादला येतात, कारण त्यांना ते जवळ. या वाहतुकीतून हळदीच्या बाजाराची एक मिश्रभाषा तयार झाली आहे. माझ्या वहीत तिची पाच-सहा पाने आहेत. हळकुंडाला तेलुगूत 'कोम्मु' म्हणतात. मी ऐकलेला एक वसमतकर शेतकरी "आमचा कोम्मु लांब हाय" असे अगदी सहज म्हणाला होता.

आता २०१९ च्या निवडणुकीकडे येतो. वृत्तपत्रांनी तिची बातमी एक विक्रम म्हणून छापली आणि तिचा अर्थ बराचसा हरवला.

त्या वर्षी फेब्रुवारीत आरमूरला हळद आणि लाल ज्वारी पिकविणारे शेतकरी रस्त्यावर बसले. त्यांची मागणी दुहेरी होती. हळदीला क्विंटलमागे पंधरा हजार आणि ज्वारीला साडेतीन हजार भाव मिळावा. आणि हळदीसाठी स्वतंत्र मंडळ व्हावे. कोणी दाद दिली नाही तेव्हा त्यांनी लोकसभेसाठी अर्ज भरले. निजामाबाद मतदारसंघात एकंदर १८५ उमेदवार उभे राहिले, त्यांतले १७८ शेतकरी. ११ एप्रिलला मतदान झाले तेव्हा प्रत्येक केंद्रावर बारा मतदान यंत्रे एकमेकांना जोडून मांडावी लागली. त्यांतला एकही शेतकरी निवडून आला नाही आणि येण्यासाठी ते उभेही नव्हते. जे निवडून आले त्यांनी प्रचारात मुद्रांकित कागदावर हळद मंडळाचे वचन लिहून दिले होते. वचनपूर्तीची वाट मात्र लांब निघाली. २०२० मध्ये मसाला मंडळाचे विभागीय कार्यालय निजामाबादला देऊ करण्यात आले, ते शेतकऱ्यांना मानवले नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी महबूबनगर येथे पंतप्रधानांनी राष्ट्रीय हळद मंडळाची घोषणा केली, तीन दिवसांनी अधिसूचना निघाली. १४ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे ऐन संक्रांतीला, मंडळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २९ जूनला निजामाबादेत त्याचे मुख्यालय सुरू झाले.

मला नेहमी प्रश्न पडे, की या शेतकऱ्यांनी 'मंडळ' हाच शब्द का धरून ठेवला? कर्जमाफी, अनुदान, विमा हे शब्द त्यांना ठाऊक होते. त्याचे उत्तर मला वाटते गुंटूरमध्ये आहे. १९७५ च्या कायद्याने तंबाखू मंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्यालय गुंटूरला, आणि राज्याचे विभाजन होईपर्यंत गुंटूर व निजामाबाद एकाच राज्यात होते. तंबाखू मंडळ शेतकऱ्याची नोंदणी करते, किती पीक घ्यावे ते ठरवून देते आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापासून स्वतःच्या लिलावमंचावर तंबाखूचे जाहीर लिलाव करते. त्याचे दोष आहेत आणि तंबाखूचे तर आहेतच. पण तेलुगू शेतकऱ्याच्या मनात 'बोर्ड' या शब्दाचे चित्र हे असे आहे: एक मंच, एक तराजू, एक लिलाव आणि मध्ये उभा असलेला सरकारचा माणूस. मसाला मंडळाचे चित्र वेगळे आहे. त्यात प्रयोगशाळा आहे, परदेशी ग्राहकांच्या परिषदा आहेत, निर्यातदारांची नोंदणी आहे. शेतकऱ्याने एका अर्थाने शब्द उच्चारला आणि शासनाने दुसऱ्या अर्थाने तो ऐकला. भाषेच्या माणसाला ही गोष्ट दिसली नाही तर त्याची पदवी काय कामाची?

हळद मंडळाच्या स्थापनेवेळी सरकारनेच दिलेले आकडे माझ्यासमोर आहेत. २०२२-२३ मध्ये देशात ३.२४ लाख हेक्टरवर हळद होती आणि उत्पादन ११.६१ लाख टन, म्हणजे जगाच्या पंच्याहत्तर टक्क्यांहून अधिक. निर्यात झाली १.५३४ लाख टन, किंमत २०७.४५ दशलक्ष डॉलर. ३८० हून अधिक निर्यातदार या व्यवसायात होते. २०३० पर्यंत ही निर्यात एक अब्ज डॉलरवर न्यावी असे उद्दिष्ट सांगितले गेले. आता साधा भागाकार करा. साडेसात गोण्यांपैकी एक गोणी देशाबाहेर जाते. बाकीची साडेसहा आपण खातो, लावतो, देवाला वाहतो आणि रंगात वापरतो. बाहेर जाणारी हळद सरासरी किलोला एक डॉलर पस्तीस सेंट आणते, म्हणजे त्या वर्षीच्या दराने शंभर रुपयांच्या थोडे वर. तिच्यातील कुर्क्युमिन काढून गोळ्या करणारा अमेरिकेतला कारखानदार काय मिळवतो ते येथे सांगत नाही. म्हणून निर्यातवाढीचे उद्दिष्ट चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. भारताने कच्चे हळकुंड विकण्याऐवजी अर्क विकावा हे योग्यच. पण निर्यात पाचपट झाली की शेतकऱ्याचा भाव आपोआप सुधारेल, हे मात्र "पी हळद आणि हो गोरी" या चालीचे आहे.

शासनाच्या मदतीचे टोक बंदराला आहे, हे मी म्हणतो त्याला पुरावा पाहिजे. २००३ मध्ये युरोपात भारतीय मिरचीपुडीत सुदान हा निषिद्ध रंग सापडला. त्या वर्षीच मसाला मंडळाने निर्यातीच्या मिरचीची सक्तीची तपासणी सुरू केली. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूर येथे दोन नामांकित भारतीय कंपन्यांच्या मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड आढळल्याचे जाहीर झाले. त्या दोन्ही ठिकाणी जाणाऱ्या मालाची पाठवणीपूर्व तपासणी लगोलग बंधनकारक झाली. हे चांगलेच झाले. कोची, मुंबई, गुंटूर येथील मंडळाच्या प्रयोगशाळा सक्षम आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या गुणावर एकस्व दिले गेले, तेव्हाही डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हान स्वीकारले, बत्तीस संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते एकस्व रद्द करून घेतले. त्या बत्तीस संदर्भांत संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतले उतारे होते, हे आम्हा भाषावाल्यांनी अभिमानाने सांगावे असे आहे. पण या साऱ्या प्रसंगी राष्ट्र परक्याच्या दाराशी उभे होते. परक्याने हटकले की आपण झटकन हलतो.

घरच्या यार्डात काय चालते? निजामाबादला ढीग लागतात. खरेदीदार येतो, हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग पाहतो, घासलेल्या पाठीची चकाकी पाहतो, लांबी पाहतो आणि भाव बोलतो. त्याच्या अनुभवाला मी कमी लेखत नाही. पण अर्क काढणारा कारखानदार ज्या गोष्टीसाठी पैसे मोजतो, ते कुर्क्युमिन डोळ्यांना दिसत नाही. मेघालयातील लाकडोंग हळदीत ते सात टक्क्यांच्या घरात असते. कोझिकोडच्या संस्थेची 'प्रतिभा' सहाच्या वर जाते. ज्या शेतकऱ्याने महागडे बेणे आणून असे वाण लावले, त्याच्या ढिगाला शेजारच्या ढिगाचाच भाव मिळणार असेल, तर तो पुन्हा का लावील? २०१६ मध्ये राष्ट्रीय कृषी बाजाराच्या पहिल्या टप्प्यात निजामाबादचे यार्ड जोडले गेले आणि त्या योजनेत मालाची परखणी अभिप्रेत आहे. कागदावरची ही तरतूद प्रत्येक ढिगापर्यंत पोहोचली पाहिजे.

केवळ चकाकीला पैसे देण्याचा परिणाम किती भयंकर होतो, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या देशात आहे. बांगलादेशात १९८०च्या दशकात महापुराने हळद भिजली, निस्तेज झाली. गिऱ्हाईक पिवळाधमक रंग मागत होते. घासणाऱ्यांनी ड्रममध्ये शिशाचे क्रोमेट टाकायला सुरुवात केली, आणि पुढे पूर नसतानाही ती चाल पडून गेली. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालते. २०१९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि बांगलादेशच्या संशोधकांनी हे उघड केले. त्यावर तेथील सरकारने जे केले ते ऐकण्याजोगे आहे. नवे मंडळ काढले नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने लोकांना सावध केले, हातात धरून शिसे मोजणारी क्ष-किरणांची यंत्रे घेऊन निरीक्षक बाजारात गेले, ढाक्याच्या मोठ्या मसाला बाजारात दोषींना दंड झाला आणि ती बातमी सर्वत्र दाखविली गेली. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते, २०२१ मध्ये ते शून्यावर आले. ही देखील शासनाची मदतच, आणि तिचा सर्वांत मोठा लाभ झाला तो प्रामाणिक शेतकऱ्याला, कारण रंगाच्या स्पर्धेतून त्याची सुटका झाली. आपल्याकडेही काही ठिकाणच्या हळदीत शिसे सापडल्याचे संशोधन प्रसिद्ध झाले आहे. ते वाचून आपण त्या बाजारात यंत्र घेऊन गेलो का?

राहिला पडलेल्या भावाचा प्रश्न. तो हळदीपेक्षा मिरचीने अधिक कठोरपणे विचारला आहे. २८ एप्रिल २०१७ रोजी खम्ममच्या मिरची यार्डात भाव कोसळल्याने संतापलेल्या शेतकऱ्यांकडून मोडतोड झाली. पुढे अटकेतल्या दहा शेतकऱ्यांना बेड्या घालून न्यायालयात आणले गेले, त्याची छायाचित्रे आपण पाहिली असतील. मे महिन्यात केंद्राने बाजार हस्तक्षेप योजनेखाली क्विंटलला पाच हजार रुपयांनी तेलंगणात ३३,७०० टन मिरची घेण्याची मान्यता दिली. तोवर हंगाम सरत आला होता. गरजू शेतकरी विकून मोकळा झाला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील मिरचीसाठी हीच योजना अधिक शहाणपणाने आली. किंमत ११,७८१ रुपये धरली गेली आणि माल खरेदी न करता भावातील फरक द्यावा असे ठरले, तोही एकूण उत्पादनाच्या चौथाईपर्यंत, म्हणजे २.४३ लाख टनांवर. हा बदल स्वागतार्ह आहे. तरी मूळ दोष राहतोच: योजना दरवेळी भाव पडल्यावर, राज्याने मागणी केल्यावर आणि दोन सरकारांनी तोट्याची वाटणी मान्य केल्यावर सुरू होते. हळद लावणाऱ्याला बेणे मातीत टाकतानाच ठाऊक असावे, की अमुक भावाखाली आपल्याला कोणी लोटणार नाही. तंबाखूवाल्याला जे मिळाले, उसाला जे मिळते, ते मसाल्याला का मिळू नये? "मसाला हे चैनीचे पीक" असे एक उत्तर एका अधिकारी गृहस्थांनी मला दिले होते. त्यांच्या घरी फोडणीत काय घालतात ते मी विचारले नाही.

महाराष्ट्रातही या दिशेने हालचाल झाली, हे आपल्या मराठी श्रोत्यांना सांगितले पाहिजे. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि माझ्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतला हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रासाठी राज्याने २०२२ मध्ये शंभर कोटींची तरतूद जाहीर केली. मानांकन मिळाले तेव्हा गावाकडून मला पेढे आले. मी ते खाल्ले आणि फोनवर पुतण्याला विचारले, "यंदा वसमतची हळद म्हणून पावतीवर कोणी लिहून दिले का?" तो म्हणाला, "काका, पावतीवर 'हळद' एवढंच असतं." अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याची आपली सवय जुनी आहे.

शेवटी हळद मंडळाविषयी एक घटनात्मक बारकावा. तंबाखू मंडळ संसदेच्या कायद्याने झाले, मसाला मंडळही कायद्याने झाले. राष्ट्रीय हळद मंडळ अधिसूचनेने झाले आहे. कायद्याने झालेल्या संस्थेला नोंदणी सक्तीची करता येते, लिलाव चालविता येतो, नियम मोडणाऱ्यावर कारवाई करता येते. अधिसूचनेने झालेली संस्था मुख्यतः समन्वय साधते, सल्ला देते, योजना आखते. आरमूरच्या शेतकऱ्याने मागितलेला तराजू आणि लिलावमंच उभा करायचा असेल तर तिला अधिनियमाचे बळ द्यावे लागेल. तोपर्यंत, आहे त्या अधिकारांतही, मंडळाने एक गोष्ट करावी असे मला वाटते. मंडळाच्या वार्षिक अहवालात निर्यातीचे कोष्टक असणारच. त्याच्या शेजारी दुसरे एक कोष्टक छापावे. निजामाबाद, सांगली, वसमत, इरोड या बाजारांत जानेवारी ते मे या महिन्यांत दर आठवड्याला किती हळद आली, तिच्यातील किती ढिगांची कुर्क्युमिनसाठी आणि शिशासाठी परखणी झाली, आणि परखलेल्या ढिगाला न परखलेल्यापेक्षा किती रुपये जास्त मिळाले.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत सनदी लेखापाल आहेत, रसायनशास्त्राचे पदवीधर आहेत, दोघे-तिघे वार्ताहरही समोर बसलेले दिसतात. असे कोष्टक मंडळाकडे माहिती अधिकारात मागता येते आणि न मिळाल्यास, दर शनिवारी निजामाबादला जाऊन, वही घेऊन स्वतःही भरता येते. माझ्या जुन्या वह्या त्यांच्यासाठी खुल्या आहेत.